दोन बोटं माया

शिकाऊ डॉक्टर तोंडावर तिला मावशी म्हणत आणि पाठीमागे आतडेमावशी. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचा राग नव्हता. माणसाच्या पोटात दुर्बीण घालायला शिकायचं तर आधी खोट्या पोटात घालून हात बसवावा लागतो, आणि या इस्पितळातली सगळी खोटी पोटं गेली एकोणीस वर्षं तीच करत होती. त्याआधी ती तळमजल्यावर चादरींना ठिगळं लावायची, ऑपरेशनचे गाऊन शिवायची. एक दिवस मोठे सर, म्हणजे पोटविकार विभागाचे प्रमुख, एक फाटकं रबरी आतडं घेऊन तिच्या मशीनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, याला दोन टाके घालता येतील का?"

तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "टाके घालते," ती म्हणाली, "पण हे आतडं कमी आणि पायमोजा जास्त दिसतंय. याहून बरं मी करून देईन."

सर हसून निघून गेले. महिन्याभरानं तिनं खरंच करून दिलं, तेव्हा त्यांनी तिला शिलाई मशीनसकट वरच्या मजल्यावर हलवलं.

तिचं आतडं बघण्यासारखं असे. मऊ विणलेल्या कापडाची लांब नळी, तिच्यावर आतून-बाहेरून सिलिकॉनचे पातळ हात, रंग ओलसर गुलाबी. ती सगळी नळी एका लाकडी खोक्यात, पोटात असते तशी वळणं घेत बसवलेली. प्रत्येक वळण एका कापडी पट्टीनं खोक्याच्या तळाला शिवलेलं असे आणि सगळी करामत त्या पट्ट्यांत होती. पट्टी आवळली की वळण अवघड, सैल सोडली की सोपं. कुठली किती आवळायची ते सर सांगत आणि ती बोटांनी मोजून शिवत असे. गळ्यात टेप असायची, पण ती शोभेला.

आज इस्पितळाच्या सभागृहात मोठी कार्यशाळा होती. समोर भिंतभर पडदा, आणि त्यावर दूरच्या एका इस्पितळातली तपासणी थेट दिसणार होती. मावशी सगळ्यात मागे, आपल्या चार खोक्यांशेजारी खुर्ची टाकून बसली होती. दुपारी शिकाऊ डॉक्टर त्या खोक्यांवर सराव करणार होते. तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती, म्हणून सकाळपासून जो तो तिला "आता काय, आराम" असं सांगून जात होता. आरामाचं नाव तिला नको होतं, कारण घरी आराम करायला दोन खुर्च्या होत्या आणि माणूस एक.

सूत्रसंचालकानं माइकवर सांगितलं की ज्यांचं प्रात्यक्षिक होतं त्या डॉक्टरांना ताप आहे, त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी तपासणी करेल. नाव सांगताना माइक खरखरला. नावानं कुणाचं काही अडलं नाही, कारण अशा प्रात्यक्षिकात डॉक्टर दिसतच नाही. पडदाभर फक्त पेशंटचं आतडं दिसतं, आणि हात कसा आहे ते दुर्बिणीच्या चालीवरून ओळखायचं.

पडदा उजळला. मावशी दुसऱ्याच्या शिवणीकडे बघावं तशी बघू लागली. हात बरा होता. घाई नव्हती, उगाच हवा भरणं नव्हतं. मग डाव्या अंगाचं ते पहिलं मोठं वळण आलं, ज्याला सरावखोलीत सगळे कुशीचं वळण म्हणत. पुढची वाट मोकळी दिसत होती. दुसऱ्या कुणीही दुर्बीण पुढे रेटली असती.

दुर्बीण थांबली. दोनेक बोटं मागे आली. एक, दोन, तीन मोजावेत इतका वेळ तशीच राहिली. मग नुसतं टोक वळलं, समोरचं चित्र गोल फिरलं, आणि दुर्बीण जणू स्वतःच्याच घरात शिरावी तशी पुढे गेली.

मावशी खुर्चीत पुढे सरकली. ही चाल कुठल्याही पुस्तकात नव्हती. ही चाल तिच्या शिलाई मशीनवरची होती.

"वळण आलं की थांबायचं. सुई कापडातच राहू दे. कापड दाबणारा मशीनचा पाय उचल, कापड फिरव, तीन मोज, मग चालव." हे तिनं एकाच माणसाला शिकवलं होतं. ते माणूस तेव्हा सहा वर्षांचं होतं, मशीनवर बसल्यावर त्याचे पाय खाली पोचत नव्हते, आणि त्याला सगळे बटण म्हणत.

बटण म्हणायचं कारण असं की चौथ्या वर्षी पोरीनं कोटाचं एक बटण गिळलं होतं. बाप ती दोन वर्षांची असतानाच गेलेला, आई एकटीच तिला घेऊन धावली. याच इस्पितळातल्या एका डॉक्टरनं घशातून दुर्बीण घालून ते बटण बाहेर काढलं आणि ताटलीत ठेवून पोरीला दाखवलं. तिनं ताटलीकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं, आणि घरी येताना जाहीर केलं की मीपण लोकांच्या पोटातली बटणं काढणार. आईनं हो म्हटलं. एवढ्याशा पोरीचं बोलणं कोण मनावर घेतं? पण पोरीनं घेतलं. डॉक्टर झाली, आणि दुर्बिणीचं शिक्षण घ्यायला आईच्याच विभागात दाखल झाली.

ती दोन वर्षं मावशीच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. पोटची पोर आईनंच शिवलेल्या पोटात शिकतेय, याची ती मनातल्या मनात गंमत करायची आणि छाती फुगवायची. संध्याकाळी पाचला बाकीचे गेले की बटण दुर्बीण बाहेर काढायची, टोक पुसायची आणि ते स्वतःच्या तोंडासमोर धरायची. दुर्बिणीच्या काचेतून जवळचं सगळं भलतंच मोठं दिसतं. पडद्यावर नुसतं नाक यायचं.

"आई, बघ तुझी पोर."

"पोर कुठाय? मला नाकच दिसतंय," मावशी म्हणायची. "आधीच नाक बापाचं, त्यात हे."

हे रोज व्हायचं आणि रोज दोघी हसायच्या.

अडलं ते कुशीच्या वळणापाशी. बाकीच्यांची दुर्बीण तिथून जाऊ लागली, बटणची जाईना. तीन आठवडे गेले. अंगठा सुजला. सोमवारी सरावाची परीक्षा होती, आणि ती पास झाल्याशिवाय खऱ्या पेशंटला हात लावता येत नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी तिनं नाक दाखवलं नाही. दुर्बीण खुंटीला लावली आणि म्हणाली, "मला नाही जमणार आई. मी आपली गाऊनला बटणं लावत बसेन."

ती पुढे गेल्यावर मावशीनं खोकं उघडलं. शिवणकामात शिलाईच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. लेकराचं अंग भरलं की शिलाई उसवून ती माया सोडायची, म्हणजे कपडा अंगाला होतो. आयुष्यभर तिनं सगळ्या कपड्यांत माया ठेवली होती, तशी आतड्याच्या पट्ट्यांतही ठेवायची. त्या शुक्रवारी तिनं कुशीच्या वळणाची पट्टी उसवली, दोन बोटं माया सोडली आणि पुन्हा शिवली. पोरीला एकदा जमलं की भीती जाईल, मग परत आवळून टाकू, असा तिचा साधा हिशेब.

शनिवार-रविवार बटणनं सराव केला आणि सोमवारी परीक्षेत एका रेट्यात वळण पार केलं. इतकी खूश झाली की मावशीला जिन्यातच मिठी मारली. आता सांगू, उद्या सांगू, असं करता करता मावशीचं सांगायचं राहिलं. खरं सांगायचं तर तिला त्या आनंदाला टाचणी लावायची नव्हती. अकराव्या दिवशी बटणपुढे खरा पेशंट आला, एक निवृत्त शिक्षक. कुशीच्या वळणाला तिच्या हातानं शिकलेला तेवढाच रेटा दिला, आणि खऱ्या माणसाच्या आतड्यात दोन बोटं माया नव्हती. आतडं फाटलं.

शिक्षक ऑपरेशन होऊन वाचले, महिन्याभरानं चालत घरी गेले. पण चौकशी समिती बसली. समिती खोकं बघायला येणार हे कळल्यावर मावशीनं सकाळी लवकर येऊन पट्टी पुन्हा आवळून शिवली. हात जरासुद्धा थरथरले नाहीत, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

बटणनं समितीला सांगितलं, "सरावात एवढ्या रेट्यानं वळण सुटायचं." मोठ्या सरांनी स्वतः दुर्बीण घालून पाहिली. वळण सुटलं नाही. त्यांनी विचारलं, "मावशी, यात काही बदल केला होता का?"

"नाही सर," ती म्हणाली. "होतं तसंच आहे."

आईनं पोरीसाठी परीक्षेचं खोकं सैल केलं, हे बाहेर आलं असतं तर दोघींचंही गेलं असतं, पोरीचं शिक्षण आणि आईची नोकरी. पोरीसाठीच खोटं बोलतोय, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण खरं म्हणजे ती घाबरली होती, आणि तेवढ्या घाबरण्यात तिनं पोरीला खोटं पाडलं.

बटण खोक्यावर वाकली. बाकी सगळ्या पट्ट्यांचा दोरा जुना होऊन पिवळा पडला होता. कुशीच्या पट्टीचा दोरा कोरा पांढरा होता. बटणनं त्यावर बोट ठेवलं. ती शिवणारीच्या घरात वाढली होती, तिला दुसरं काही सांगायची गरज नव्हती. तिनं आईकडे एकदा पाहिलं आणि सरांना म्हणाली, "माझ्याच हाताची चूक झाली असेल सर."

तिनं आईची चूक पोटात घातली आणि त्याच आठवड्यात बॅग भरून घरातून गेली. वर्षभर तिला दुर्बिणीला हात लावायला बंदी झाली होती. पुढे तिचा फोन नंबर बदलला, आणि याला आता सात वर्षं झाली होती.

सात वर्षांत मावशीनं आपला नंबर बदलला नाही. फोन दोनदा बिघडला, दुकानदारानं नव्या नंबराबरोबर नवा फोन स्वस्तात देतो म्हणून गळ घातली, तरी तिनं जुनाच दुरुस्त करून घेतला. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना ती आडून आडून विचारायची. कुणी सांगितलं, ती शिकवते आता, मोठी झालीय. कुठे, ते तिनं विचारलं असतं तर कळलं असतं. पत्ता मिळाला असता, धीर मिळत नव्हता. संध्याकाळी पाचला शिकाऊ पोरं दुर्बीण पुसायला लागली की ती सरावखोलीतून उठून बाहेर जायची. पडद्यावर दुसऱ्या कुणाचं नाक दिसलेलं तिला सोसलं नसतं.

आणि आज पडद्यावर ती चाल होती. पण नुसत्या चालीवर किती विश्वास ठेवायचा? माणूस ज्याची वाट बघतो ते त्याला जिथे तिथे दिसतं, हेही तिला कळत होतं. बाजारात पाठमोऱ्या बायकांमागे ती दोनदा धावलेली होती.

दुर्बीण आतड्याच्या शेवटाला पोचून परत फिरली. सूत्रसंचालकानं प्रश्न विचारायला सांगितलं. पुढच्या रांगेतली एक शिकाऊ मुलगी उठली. "कुशीच्या वळणाला वाट तर मोकळी दिसत होती. मग तुम्ही थांबलात का?"

पलीकडून एका बाईचा आवाज आला, मास्कमुळे दबलेला. "मोकळी दिसते म्हणून रेटायचं नसतं. तिथे माया सोडलेली असेल, असं धरून चालायचं नाही."

सभागृहात हलकं हसू पसरलं. "डॉक्टरांनी एकदम जीवनाचं सार सांगितलं," सूत्रसंचालक म्हणाला, आणि लोक पुन्हा हसले. शिकाऊ मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं, बहुधा चुकीचं. साडेतीनशे माणसांत त्या वाक्याचा अर्थ एकीलाच कळला होता आणि ती सगळ्यात मागे खोक्याची कड घट्ट धरून बसली होती.

तिला तेव्हाच उठायचं होतं. पण दुर्बीण अजून पेशंटच्या आत होती, आणि आत दुर्बीण असताना डॉक्टरचा हात हलेल असं काही करायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. ती थांबली. सात वर्षं थांबली होती, पण ती चार मिनिटं तिला जड गेली.

दुर्बीण बाहेर आली. पेशंट ठीक आहे, असं पलीकडून सांगितलं गेलं. त्याला बाहेर नेल्याचा, चाकांचा आवाज आला. दुर्बीण मात्र चालूच होती आणि पडद्यावर आता तिच्या टोकासमोरची फरशी दिसत होती, तिच्यावर पांढऱ्या चपलेतलं एक पाऊल. सूत्रसंचालक म्हणाला, "शेवटचा एखादा प्रश्न?"

मावशी चालत मधल्या वाटेनं माइकपर्यंत गेली. ती खोकं हलवायला आलीय असं वाटून एकानं पाय बाजूला घेतले. पहिल्या रांगेतून मोठे सर मागे वळले.

"प्रश्न नाही," ती म्हणाली. माइक तिच्या उंचीला नव्हता, तिनं तो खाली ओढला. "मी इथली शिवणारी बाई. सात वर्षांपूर्वी इथल्या खोक्यात कुशीच्या वळणाला दोन बोटं माया सोडली होती. परीक्षेच्या आधी. ती मी सोडली होती. समिती यायच्या दिवशी सकाळी मीच परत शिवून घेतली आणि सरांना नाही म्हणून सांगितलं. त्या डॉक्टरांच्या हाताची चूक नव्हती. हाताला जे शिकवलं तेच त्यानं केलं. डॉक्टरांनी पांढरा दोरा पाहिला होता, तरी त्या बोलल्या नाहीत. एवढंच सांगायचं होतं. फार उशीर झाला सांगायला."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला. सूत्रसंचालकानं तोंड उघडलं आणि सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

पडद्यावर फरशी होती. मावशी फरशीकडे बघत उभी राहिली. पांढरी चप्पल जागची हलली नाही.

मग फरशी डोलली. पडद्यावर टेबलाचा पाय आला, मग हिरव्या गाऊनची कड, गाऊनवरच्या गाठी, मग मास्क. हातमोज्यातल्या दोन बोटांनी मास्क खाली ओढला. चित्र एकदम जवळ आलं आणि भिंतभर पडद्यावर एक नाक उभं राहिलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नाकाच्या मागे, दूर, दोन डोळे होते आणि कानाशी पांढऱ्या केसांची एक बट. तिचे केस पांढरे होतील हे मावशीच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"दिसतेय का मी?" आवाज म्हणाला.

"नाकच दिसतंय," मावशी म्हणाली. पुढचं वाक्य दोघींना पाठ होतं, पण दोघींपैकी कुणालाच ते म्हणता आलं नाही.

"नंबर तोच आहे का?"

"तोच आहे, बटण."

"संध्याकाळी करते. पाचनंतर." डोळे काचेत काहीतरी शोधत असल्यासारखे इकडून तिकडे फिरले. "मला तू नाही दिसत, आई. इकडे नुसता आवाज येतो."

मावशीला ते माहीत होतं. तरी तिनं माइक एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं आपले केस सारखे केले.